पाट्यातली कुईकुई

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं एक कॅरेट साधारण २० किलोचं भरतं. पिकअपमध्ये ७५ कॅरेट रचली की दीड टन झालं. दोरखंड आवळून गाडी आळेफाट्यावरून माळशेज घाटाकडे वळते. यातला बहुतेक भार ज्या रबरी बुशांमधून चेसिसकडून मागच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, उतरतो, त्यातला एकेक बुश कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढा. एका बाजूला तीन जागा, दोन्ही बाजूंच्या मिळून सहा. पुढच्या टोकाला एक, मागच्या टोकाला एक आणि मागचं टोक ज्या झुलत्या पट्ट्यांना टांगलेलं असतं, त्या शॅकलच्या वरच्या पिनेवर तिसरा.

ही शॅकल कशाला, असा प्रश्न पडू शकतो. कमानीसारखा वाकलेला पाटा ओझ्याखाली सपाट होऊ लागला की त्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही टोकं चेसिसला घट्ट जखडली तर पाट्याला लांबायला जागाच उरणार नाही. म्हणून पुढचं टोक एका जागी पक्कं आणि मागचं शॅकलवर झुलतं. लंडनच्या ओबाडाया इलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. दोनशे वर्षांत घोडे गेले, पाटे राहिले.

पाट्याकडे लोक ओझं पेलणारी वस्तू म्हणून बघतात. पण पिकअपच्या मागच्या ॲक्सलला जागेवर धरून ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच असतं. चाकांचा रेटा आणि ब्रेकचा झटका बहुतांशी पुढच्या बुशमधूनच चेसिसपर्यंत जातो. तो बुश झिजला की क्लच सोडताना मागून ‘धप्प’ आवाज येतो. दोन बाजूंचे बुश कमी-जास्त झिजले तर ॲक्सल किंचित तिरका होतो, गाडी खेकड्यासारखी चालते आणि टायर खाऊ लागते. मालक अलाइनमेंट करून घेतो, टायर बदलतो, स्टिअरिंगला दोष देतो. खाली वाकून बघायचं मात्र राहून जातं.

याहून नेहमीची तक्रार कुईकुईची. हायवेलगतच्या कुठल्याही पाटेवाल्याकडे हा संवाद ऐकू येतो.

“मिस्त्री, पाट्याला जरा जळकं ऑइल मारा, लई वाजतोय.”

“मारतो की. पण बुशला लागलं तर दोन महिन्यांनी बुश बदलायलाच याल, शेठ.”

बैलगाडीच्या आसाला वंगण घातलेल्या पिढ्यांचा हात आवाज आला की तेलाकडे जातो. त्यात चूक काहीच नाही, कारण मोठ्या ट्रकवर आजही अनेकदा पिन आणि धातूचा बुश असतो. तिथे निपलला ग्रीस गन लावून जुनं, काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबावंच लागतं. जॅक लावून पिनेवरचा भार हलका केला तर ते घासणाऱ्या बाजूलाही पोचतं. रबरी बुशचा कारभार वेगळा. तो पिनेवर घसरत नाही, स्वतःच पीळ खातो आणि पुन्हा सरळ होतो. वंगणाची त्याला गरज नसते. उलट इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं की नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि चुरा होऊन बाहेर येतं. आवाज नेमका कुठला, हे शोधायचं तर बुशवर पाणी मारून गाडी हलवून बघावी. कुईकुई घटकाभर थांबली तर दोष बुशचा. नाही थांबली तर पाट्यांच्या थरांमध्ये, नाहीतर यू-बोल्टपाशी शोधावं. टॉमीने पाट्याचं टोक हलवून बघितलं की ढिलेपणाही कळतो.

जुना बुश काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम होऊन बसतं. घाईत काही जण गॅसच्या ज्योतीने रबर जाळून टाकतात. धुराचा त्रास होतोच, शिवाय जास्त तापलं तर पाट्याच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि मुख्य पाटा नेमका बुशच्या घरापाशीच मऊ पडतो. आटे असलेला लांब रॉड, दोन नट आणि योग्य मापाचे सॉकेट घेऊन बुश ओढून काढणारा कारागीर सावकाश काम करतो, पण पाटा वाचवतो. नवा बुश बसवताना साबणाचं पाणी पुरतं. हे सारं करताना चेसिसखाली भक्कम लाकडी ठोकळे किंवा घोड्या हव्यातच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारे महाभाग अजून कमी झालेले नाहीत.

खरी चूक होते ती शेवटच्या पाच मिनिटांत. गाडी उचललेली, चाकं अधांतरी, आणि त्याच अवस्थेत नट करकचून आवळले जातात. बुशच्या आतली पोलादी नळी दोन ब्रॅकेटच्या मध्ये घट्ट धरली जाते, म्हणजे लोंबकळत्या पाट्याची स्थिती हीच रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर रिकाम्या गाडीतही पिळलेलंच. त्यावर ७५ कॅरेट चढली की पीळ आणखी वाढतो आणि नवाकोरा बुश थोड्याच दिवसांत तडकतो. दुकानदार मग ‘माल डुप्लिकेट’ म्हणून शिव्या खातो. म्हणून नट आधी हातापुरते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा हलवून पाटे बसू द्यायचे आणि मगच कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळायचे.

एवढं करूनही गाडी मागून बसते, म्हणून एक जादा पाटा टाकून घेण्याची हौस असतेच. पाटा कडक झाला की खड्ड्याचा जो दणका पूर्वी पोलाद पचवत होतं, त्यातला बराच थेट बुशवर आणि चेसिसच्या ब्रॅकेटवर येतो. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकाऊ म्हणून विकले जातात. ते चिवट असतात हे खरं, पण कडकही असतात, आणि सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले तर पुन्हा कुईकुई ठरलेली.

जाणता मिस्त्री काम संपवताना नट आणि ब्रॅकेट यांवर मिळून पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढतो. भरल्या गाडीच्या दोन-तीन खेपा झाल्या की ड्रायव्हरने धाब्यावर चहा घेताना वाकून बघायचं. रेघ जुळलेली असेल तर निघायचं, सरकलेली असेल तर पाना मागायचा.