उन्हात मोबाइल दिसत नाही? दोष पडद्याचा की डोळ्याचा?

“डॉक्टर, घरात मोबाइल छान दिसतो, पण अंगणात आलं की काहीच दिसत नाही. नंबर वाढला का?” हा प्रश्न माझे रुग्ण उन्हाळ्यात हमखास विचारतात. बहुतेक वेळा दोष डोळ्याचा नसतो. परंतु काही वेळा असतो. हा फरक वाचकांनी ओळखावा, म्हणून हा लेख.

आपल्या हातातले हे वर्तमानपत्र उन्हात नेले तर अक्षरे अधिक ठळक दिसतात. कागद पडलेला प्रकाश परतवतो, त्यामुळे ऊन वाढले की कागद उजळतो. मोबाइलचा पडदा मात्र स्वतःच्या प्रकाशावर चालतो, आणि बाहेर त्याची गाठ सूर्याशी असते. घरात दिव्याचा उजेड साधारणपणे फार तर काहीशे लक्स असतो; भर दुपारच्या उन्हात तो १ लाख लक्सच्या घरात जातो.

शिवाय पडद्यावरची काच आरशासारखी वागते. साधी काच समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परत फेकते. हे थोडे वाटेल; पण उन्हात पांढरा सदरा सुमारे २५ हजार निट इतका उजळतो (निट हे उजळपणा मोजण्याचे एकक). त्याचे ४ टक्के म्हणजे १ हजार निट! साध्या मोबाइलचा पडदा ५०० निटच्या आसपास असतो. म्हणजे अक्षरांपेक्षा आपल्याच सदऱ्याचे प्रतिबिंब अधिक झळकते.

पडदे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एलसीडी पडद्यात मागे एक दिवा सतत जळत असतो. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो; असे अनेक नवे पडदे उन्हात १ हजार निटच्या पुढे जातात. मात्र जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा पडद्याच्या लहानशा भागापुरता असतो, आणि मोबाइल तापला की उजळपणा आपोआप कमी केला जातो. कडेला वळवलेल्या काचेवर चारी बाजूंची चमक गोळा होते; सपाट काच त्या मानाने बरी. थोडक्यात, महाग मोबाइलने फरक पडतो, पण सावलीइतका नाही.

पुढील गोष्टी कराव्यात :

१. सावलीत यावे. झाड किंवा गडद भिंत पाठीशी घ्यावी, म्हणजे पडद्यात गडद प्रतिबिंब पडते.

२. उजळपणा ‘ऑटो’वर ठेवावा. काही मोबाइल कमाल उजळपणा ऑटोवर असतानाच देतात.

३. उन्हात पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, मोठी अक्षरे ठेवावीत. काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब अधिक उठून दिसते.

४. संरक्षक काच नीट चिकटलेली असावी. मध्ये हवा राहिली की चमक वाढते. खरखरीत, ‘मॅट’ काचेने प्रतिबिंब पुसट होते, पण कडक उन्हात सारा पडदाच पांढुरका दिसतो.

५. पोलराइज्ड गॉगलमधून पडदा काळा दिसल्यास मोबाइल आडवा फिरवून पाहावा.

चमकणाऱ्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिल्याने डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझापही कमी होते. हा त्रास तात्पुरता असतो, विश्रांतीने जातो.

आता महत्त्वाचे. उन्हात मोबाइल दिसेनासा झाला, तर त्याच जागी तो घरातील तरुण माणसाला वाचायला द्यावा. त्याला वाचता आले आणि आपल्याला चष्मा लावूनही येत नसेल, तर नवा मोबाइल घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदूत नेत्रभिंग गढूळ होते व आत शिरणारा प्रकाश विखुरतो. एका प्रकारच्या मोतीबिंदूत हा गढूळपणा भिंगाच्या मागच्या बाजूस मधोमध असतो. उन्हात बाहुली लहान झाली की नेमका तोच भाग आड येतो. असा रुग्ण संध्याकाळी बरे पाहतो, दुपारी मात्र चाचपडतो. मधुमेही व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत हा प्रकार अधिक आढळतो, आणि तो पन्नाशीच्या आतही होऊ शकतो. समोरच्या वाहनाचे दिवे रात्री फार पसरलेले दिसणे, हेही त्याचे लक्षण आहे.

डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड अजिबात सहन होत नसेल, तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दुकानातून आणलेले थेंब मनाने घालू नयेत.