उन्हाळी पंगत आणि द्राक्षमद्य

वैशाखात छत्तीसगडच्या मैदानावर पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊ लागला, की भिलाईच्या जुनवानीसारख्या वस्तीत पाहुण्यांना जेवायला बोलावण्याची वेळ आपोआपच सूर्यास्तानंतरची ठरते. या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल रतनपुरापर्यंत पोहोचला आणि त्याबरोबर काही मराठी घराणी या मुलखात आली. पुढे १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबांचीही भर पडली. अशा एखाद्या घरच्या यजमानाला आज नाशिककडची वाइन, म्हणजे द्राक्षमद्य, पाहुण्यांपुढे ठेवण्याची हौस वाटली, तर त्यात नवल नाही. मात्र कोणत्या पदार्थाबरोबर कोणते मद्य, ते किती थंड आणि कोठवर, याचा विचार झाला नाही, तर चांगले अन्न आणि चांगले पेय दोन्ही एकमेकांना मारक ठरतात.

मराठी जेवणात पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे एकामागून एक येणारे टप्पे नाहीत, मग त्यांच्याशी पेयांची जोडी लावायची कशी, अशी शंका कोणी घेईल. ती वरवरची आहे. पानात चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी एकदमच वाढलेली दिसत असली, तरी जेवणारा ती एकदम खात नाही. पहिला वरणभात, मग पोळी किंवा पक्वान्न, मधला मसालेभात आणि शेवटचा ताकभात हा क्रम पंगतीने कसोशीने सांभाळला आहे. उलट खुद्द फ्रान्समध्येही पूर्वी अनेक पदार्थ मेजावर एकदमच मांडीत. एकेक पदार्थ क्रमाने आणण्याची रीत तेथे एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि ती ‘रशियन पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाईत या योगायोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

क्रम आहे म्हटल्यावर जोडीचे नियमही शोधता येतात. त्यांतील पहिला नियम आंबटपणाचा. पेय पदार्थापेक्षा कमी आंबट असेल, तर ते बेचव आणि पाणचट लागते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर पन्हेच देतात, दूध देत नाहीत. हा नियम घरोघरच्या गृहिणींना मद्यशास्त्र न वाचताच ठाऊक होता. द्राक्षातील मुख्य आम्ल टार्टारिक होय, आणि चिंचेत विपुल असणारे आम्लही तेच. त्यामुळे चिंचगुळाच्या आमटीला द्राक्षमद्य परके वाटण्याचे कारण नाही. फक्त ते पुरेसे आंबट आणि किंचित गोडसर हवे.

दुसरा नियम तिखटाचा. मिरचीतील दाहक द्रव्य जिभेवरील ज्या संवेदकाला चेतवते, तोच संवेदक सुमारे ४३ अंशांवरील उष्णतेनेही चेततो. म्हणूनच तिखट लागले की ‘तोंड भाजले’ असे आपण म्हणतो, आणि ते केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. मद्यार्क या संवेदकाची सहनमर्यादा खाली आणतो. त्यामुळे तीव्र मद्याने तिखट शमत नाही, उलट भडकते. गोडवा आणि थंडपणा मात्र त्याला आवर घालतात. शिराझसारख्या तांबड्या मद्यात द्राक्षाच्या सालीतून उतरलेला तुरटपणा असतो. सुपारीने जीभ आखडावी तसा तो तिखटाबरोबर जिभेला कोरड आणतो. उन्हाळ्याच्या हलक्या जेवणातून तांबडे मद्य वगळले, तर काही गमावल्यासारखे होत नाही.

तिसरा नियम उष्णतामानाचा, आणि मध्य भारतात त्याचीच सर्वांत अधिक हेळसांड होते. तांबडे मद्य ‘खोलीच्या उष्णतामानाला’ द्यावे, हे वचन ज्या युरोपीय घरांत जन्मले, तेथील खोली १६ ते १८ अंशांची होती. जुनवानीतील मे महिन्याची खोली रात्रीही त्याहून कितीतरी उष्ण असते. पांढरे मद्य ८ ते १२ अंशांवर आणि फेसाळ मद्य ६ ते ८ अंशांवर द्यावे. माठाचा गारवा त्याला पुरत नाही. बादलीत निव्वळ बर्फ भरण्याऐवजी बर्फ आणि पाणी एकत्र घालून बाटली अर्धा तास बुडवून ठेवली, तर ती लवकर व सर्व बाजूंनी निवते. पेल्यात मात्र बर्फ घालू नये. तो वितळला की आंबटपणा आणि सुगंध दोन्ही विरळ होतात.

मराठी मुलखातील हे मद्य फार जुने नाही. नाशिक परिसरातील आधुनिक उद्योगाची पहिली पांढरी मद्ये २००० च्या सुमारास बाजारात आली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेसाठी स्वतंत्र धोरण आखले. युरोपात वेलीची वार्षिक छाटणी एकदा होते. येथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशी ती दोनदा करतात. म्हणून तेथे द्राक्षे शरदात उतरतात, तर येथे ती जानेवारी ते मार्च या काळात उतरतात.

आता पंगतीचा क्रम घेऊ. आरंभी आंब्याची डाळ आणि खमंग काकडी असेल, तर सोव्हिन्यों ब्लाँ हे कोरडे पांढरे मद्य शोभते. त्याचा हिरवा, गवती गंध कैरीच्या जातकुळीचा आहे. सोबत कोथिंबिरीच्या तळलेल्या वड्या असतील, तर फेसाळ मद्य घ्यावे. त्याचे बुडबुडे आणि आंबटपणा तेलकटपणा धुऊन काढतात. चिंचगुळाची आमटी, तोंडलीचा मसालेभात किंवा बेताच्या मसाल्याची मासळी आली, की किंचित गोडसर शेनिन ब्लाँ पुढे करावे. आमरसाशी गाठ पडली, की बहुतेक मद्ये हार खातात, कारण पेय पक्वान्नाहून कमी गोड असेल तर ते कडवट लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांचे गोड मद्य असेल तर त्याचा घोटभर द्यावा, नसेल तर आमरसाला एकट्यालाच राहू द्यावे. शेवटचा भात आला, की पेला उचलून घ्यावा. तेथे ताकाचाच अधिकार आहे. ताकातील केसीन हे प्रथिन मिरचीच्या दाहक द्रव्याला बांधून घेते, म्हणून जे काम मद्याला जमत नाही ते ताक सहज करते. छत्तीसगडी शेतकऱ्याची बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा व हिरव्या मिरचीसह त्याच पाण्यानिशी खाल्ली जाते. अन्न आणि पेय यांची याहून एकजीव जोडी दुसरी सापडणे कठीण.

राहिला प्रश्न मर्यादेचा. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत पाच ते सहा पेले होतात, आणि त्यात बहुधा १२ ते १३ टक्के मद्यार्क असतो. मद्यार्क शरीरातील पाणी बाहेर टाकतो. दिवसभर घामाने शोषलेल्या शरीराला ही दुहेरी झीज होय. म्हणून प्रत्येक पेल्यामागे तेवढेच, किंबहुना अधिक, पाणी समोर असावे. मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा हे पेय औषध म्हणून किंवा प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून नव्हे, तर केवळ रुचीसाठी आणि बेतानेच घ्यावयाचे आहे. ज्यांना वाहन चालवीत घरी परतायचे आहे, ज्यांची औषधे चालू आहेत किंवा जी स्त्री गर्भवती आहे, त्यांनी ते घेऊच नये.

येथे मराठी पंगतीच्या एका लाडक्या रिवाजाला मुरड घालावी लागते. आग्रह हा पंगतीचा प्राण आहे. पण तो जिलबीचा शोभतो, मद्याचा नाही. ‘नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याला कारण विचारू नये. त्याच्यापुढे नुसते पाणी ठेवून त्याला वेगळे पाडणे हाही एक प्रकारचा अपमानच होय. डाळीबरोबर पन्हे, वड्यांबरोबर सोडा घातलेले लिंबाचे सरबत, आमटी-भाताबरोबर कोकम सरबत, मासळीबरोबर सोलकढी अशी त्याच्याही पेयांची निवड तितक्याच विचाराने व्हावी आणि ती तशाच पेल्यांतून यावीत. आंबटाला आंबट, तिखटाला थंड व गोडसर, गोडाला अधिक गोड हे नियम मद्याचे म्हणून सांगितले, तरी मुळात ते जिभेचे आहेत. ते ओळखून जो यजमान आपले पान मांडतो, त्याच्या घरून मद्य घेतलेला आणि न घेतलेला असे दोन्ही पाहुणे सारख्याच तृप्तीने उठतात.