शेगडीचा वायू आणि मागे उरलेले दुखणे

थंडी पडली की शेगडी घरात येते. बाळंतिणीच्या खोलीत तर ती बारा महिने असते. दारे लावतात, खिडक्या लावतात, फटीत चिंध्या कोंबतात. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये हा हेतू. हेतू चांगला. पण कोळशालाही हवा लागते. मोकळी हवा मिळाली तर तो नीट जळतो. खोली कोंडलेली असली की तो अर्धवट जळतो आणि त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. नाव परदेशी आहे, पण वायू आपल्याच घरातला आहे.

या वायूला रंग नाही. वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. धूर असता तर माणूस उठून दार तरी उघडतो. कोळसे लाल झाले, धूर थांबला, की आपण म्हणतो, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. पण त्या लाल निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो.

नुसत्या कोळशाला दोष देऊन चालणार नाही. लहानशा न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवला आणि खिडकी लावून घेतली, तरी हेच होते. बंद खोलीत जनरेटर चालवला, बंद गॅरेजात मोटार सुरू ठेवली, तरी हेच.

हा वायू करतो काय? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा तांबडा पदार्थ असतो. त्याला एस.टी.ची गाडी समजा. प्राणवायू हा त्यातला उतारू. तो फुप्फुसात चढतो आणि मेंदू, काळीज, हात, पाय, ज्याला जिथे गरज असेल तिथे उतरतो. कार्बन मोनॉक्साइड हा दांडगट उतारू. तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट जागा धरतो. एकदा बसला की लवकर उठत नाही. गाडी भरलेली दिसते, धावतेही, पण गावाला हवा असलेला माणूस काही उतरत नाही. सगळ्यांत आधी हाल होतात मेंदूचे. मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण शरीरातला पाचवा हिस्सा प्राणवायू त्याला एकट्याला लागतो.

आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पाय गळून जातात. लोक म्हणतात, पित्त झाले. पण घरातल्या चौघांना एकाच वेळी पित्त कसे होईल? आणि बाहेर अंगणात आल्यावर बरे वाटते, आत गेले की पुन्हा तेच, हे कसे? असे झाले तर शेगडी किंवा गिझर यांचा संशय धरावा.

कोणी आत बेशुद्ध पडले असेल तर दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. आत जाणाऱ्याने रेंगाळू नये, नाहीतर एकाचे दोन व्हायचे. कांदा हुंगवू नये, चप्पल नाकाशी धरू नये. त्यात फक्त वेळ जातो. साध्या हवेत निम्मा वायू रक्तातून जायला ४ ते ५ तास लागतात. दवाखान्यात मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तास-दीड तासात होते. आणखी एक सांगतो. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. गाडीत कोणता उतारू बसला आहे, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. ते ९८ दाखवील आणि माणूस मरणाच्या दारात असेल. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

इथपर्यंतचे पुष्कळांना थोडेफार ठाऊक असते. यापुढचे फार थोड्यांना ठाऊक आहे. रक्त एक-दोन दिवसांत स्वच्छ होते. माणूस घरी येतो, चालतो, बोलतो, जेवतो. लोक म्हणतात, सुटला. पण तेवढ्या वेळात मेंदूला जी उपासमार घडली, तिचा परिणाम रक्ताबरोबर धुऊन जात नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरातली हकिगत आहे. नावगाव सांगत नाही. सूनबाई गॅसच्या गिझरच्या न्हाणीघरात बेशुद्ध पडल्या. कडी तोडून बाहेर काढले, दवाखान्यात नेले, जीव वाचला. शेजारणींनी येऊन ओटी भरली. पण आठ दिवसांनी निराळेच सुरू झाले. कुकरची शिट्टी झाली की ती बाई दोन्ही कानांवर हात दाबून खाली बसे. ट्यूबलाइट लावली की डोळ्यांत सुया टोचल्यासारखे होई. फोडणीचा वास, उदबत्तीचा वास, कपड्याच्या साबणाचा वास, यांनी डोके ठणके. ती दिवा न लावता अंधुकात स्वयंपाक करू लागली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं ह्याच शिट्ट्या ऐकत होतीस ना? आत्ताच काय झालं?"

सून म्हणाली, "आई, शिट्टी कानात नाही हो, डोक्यात वाजते. मी मुद्दाम नाही करत."

सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. पण अंगावर जखम नाही, ताप नाही, मग दुखणे मानायचे कसे? एक शेजारीण म्हणाली, नखरे आहेत. दुसरीने देवऋषी सुचवला. सहा-सात आठवडे असे गेले. मग सुनेने सांगणेच सोडून दिले. आमच्या मते ही सगळ्यांत वाईट गोष्ट. जो सांगत नाही त्याला औषध कोण देणार?

पुढे मुलाने तिला मोठ्या दवाखान्यात नेले. कानाची तपासणी केली तर बारीक आवाज तिला चांगले ऐकू येत होते. मोठा आवाज तेवढा सोसत नव्हता. डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "मावशी, कातडी भाजली की नुसता वारा लागला तरी झोंबतं ना? तसं समजा. वारा तोच आहे, कातडी हळवी झाली आहे."

हे नीट समजून घेऊ. आपल्या कानावर दिवसभर शेकडो आवाज पडतात. रस्त्यावरची गाडी, पंखा, पोरांचा दंगा. आपण ते सगळे ऐकतो का? नाही. मेंदू चाळण लावतो. कामाचे ठेवतो, बाकीचे सोडून देतो. उजेडाचे तसेच, वासाचे तसेच. मेंदूला इजा झाली की ही चाळण बिघडते. मग सगळेच आत येते, आणि मोठे होऊन येते. माणूस थकतो, चिडतो, गर्दीतून पळू बघतो. काहींच्या कानात सतत घूं घूं आवाज राहतो, काहींना कमी ऐकू येऊ लागते. वासाचा त्रास नेमका कशाने होतो याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. पण मतभेद कारणाचा आहे. कारण ठरेपर्यंत रोग्याने थांबावे आणि तोवर त्याला खोटे ठरवावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

देवऋषीचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट. १९२१ साली विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने एका कुटुंबाची हकिगत छापली. ही मंडळी जुन्या मोठ्या घरात राहायला गेली आणि पावलांचे आवाज ऐकू येऊ लागले, माणसे दिसू लागली. सगळ्यांचे डोके दुखे, कुंडीतली झाडेही सुकली. भुताटकीच म्हणायची! शोध केला तेव्हा कळले की घर ऊबदार ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिचा वायू खोल्यांत शिरत होता.

जपानात याहून मोठे घडले. ओमुटा शहराजवळ मिइके नावाची कोळशाची खाण होती. ९ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथे कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. ४५८ माणसे मेली. ८३९ माणसांना याच वायूची बाधा झाली, पण ती वाचली. वाचली म्हणजे काय? डोके दुखणे, विसर पडणे, झोप न येणे, लहानशा गोष्टीवरून भडकणे. घरी पोराबाळांना बाप ओळखू येईनासा झाला. या तक्रारी खऱ्या किती आणि बनावट किती, असा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला. १९६७ साली या कामगारांच्या बायका खाणीच्या पोटात उतरून धरणे धरून बसल्या. त्याच वर्षी अशा रोग्यांसाठी वेगळा कायदा झाला. स्फोटानंतर ३३ वर्षांनी डॉक्टरांनी काही जणांना पुन्हा तपासले, तेव्हाही पुष्कळांची दुखणी गेलेली नव्हती. म्हणून म्हणतो, दवाखान्यातून घरी आणले म्हणजे काम झाले, असे समजू नये.

विशेषतः पहिले ४० दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे. काही माणसे अगदी बरी होतात आणि दोन दिवसांनी, पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने पुन्हा बिघडतात. विसरायला लागतात, चाल अडखळते, कपड्यात लघवी होते, शहाणा माणूस वेड्यासारखे बोलतो. असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि आधी झालेली वायूची बाधा आवर्जून सांगावी. घरच्यांनी ती सांगितली नाही तर नव्या डॉक्टरला कशी कळावी?

आवाज-उजेडाच्या त्रासावर एका गोळीत जाईल असे औषध नाही. पण उपाय आहेत. भर उन्हात काळा चष्मा घालावा, घरात मात्र दिवसभर घालू नये, नाहीतर डोळे उजेडाला अधिकच भितात. कानाचेही तसेच. कानात सदान्‌कदा कापसाचे बोळे घालून बसले की कान आणखी हळवे होतात. थोडा आवाज, थोडा वेळ, मग विसावा, असे हळूहळू वाढवावे. आणि घरच्यांनी आधी सांगावे. त्या सासूबाई आता हाक मारतात, "शिट्टी होणार आहे गं!" सून ओसरीवर जाते. येणार हे ठाऊक असलेला आवाज कमी बोचतो. सहा महिन्यांत तिचा उजेडाचा त्रास पुष्कळ उतरला. शिट्टीचा अजून आहे.

शेगडी असेल तर झोपण्यापूर्वी ती बाहेर न्यावी. बाळंतिणीला शेक-धुरी देताना एक खिडकी चांगली उघडी ठेवावी. गरोदर बाईने कोंडलेल्या खोलीत शेगडीजवळ बसूच नये, पोटातल्या जिवाला या वायूची बाधा अधिक होते. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. आतच असेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच अंघोळीला बसावे.

आता जे नुकते लिहायला शिकले आहेत त्यांच्यासाठी एक काम. घरात असा रोगी असेल तर एक वही घाला. पहिल्या पानावर बाधेची तारीख लिहा, माणूस किती वेळ आत होता आणि किती वेळ बेशुद्ध होता तेही लिहा. मग रोज दोन ओळी पुरेत. त्या घरच्या वहीत असे होते: 'सोमवार. कुकरच्या तीन शिट्ट्या. डोके दुखले. तासभर पडून राहिले. मंगळवार. शिट्टीच्या आधी बाहेर गेले. दुखले नाही. रात्री दिवा एक तास सोसला.' डॉक्टरांनी ती वही पानन्‌पान वाचली.