पाच पेट्या आणि दोन कान

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. फुलसावंगीच्या आमच्या घरात, माजघरातल्या संगणकावर हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा चालू होता. पडद्यावर जहाज वादळात सापडले आणि आमच्या पाठीमागच्या कोपऱ्यातून असा काही गडगडाट उठला की छपराचे टिनपत्रे थरथरले. बाजेवर बसलेली माझी आई ताडकन उठली आणि दाराकडे धावली.

"आंगनात कापूस भिजते ना रे! ताडपत्री आना लवकर!"

बाहेर टिपूर चांदणे पडले होते. वेचून आणलेला कापूस ओसरीलगत कोरडा ठणठणीत होता. पोरे हसून लोटपोट झाली. आई मात्र हसली नाही. माघारी येऊन त्या काळ्या पेट्यांकडे बघत म्हणाली, "असं खोटं आभाळ कशाले आनता घरात?"

प्रश्न तसा साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायला मला महिनाभर लागला.

झाले होते असे, की दिवाळीपासून चिरंजीवांनी संगणकाला सराउंड साउंडचे स्पीकर घेण्याचा हट्ट धरला होता. पाच लहान पेट्या आणि खर्जासाठी एक मोठा सबवूफर, असा तो सहा नगांचा संसार. "बाबा, थेटरात बसल्यासारखं वाटते," हा त्याचा मुख्य मुद्दा. किंमत साडेआठ हजार रुपये. कापसाचे पैसे हातात यायचे होते आणि त्या पैशांना आधीच दहा वाटा होत्या. मी ना हो म्हणालो, ना नाही. उमरखेडच्या मित्राचा सेट चार दिवसांसाठी मागून आण, आधी ऐकू आणि मग ठरवू, असा तह झाला. ते खोटे आभाळ म्हणजे या तहाची पहिली रात्र.

या सगळ्या प्रकाराचे मूळ ९० वर्षांहून जुने आहे. १९३१ साली ॲलन ब्लूमलाइन नावाचा इंग्रज अभियंता भावी पत्नीबरोबर सिनेमाला गेला होता, अशी कथा सांगतात. पडद्यावरचा नट या टोकापासून त्या टोकाला चालत गेला, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येत राहिला. ब्लूमलाइनला ते खटकले आणि त्याच वर्षी त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे, म्हणजे आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचे, पेटंट मागितले. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' आला, तेव्हा सत्तर एमएमच्या थिएटरात नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली शोधू लागत, ही आठवण जुने लोक अजून सांगतात. पुढे १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत पोचले आणि '५.१' हा आकडा जगभर झाला. पुढे तीन, मागे दोन, मिळून पाच वाहिन्या. आणि सहावी फक्त खर्जाची. ती एवढासाच पट्टा सांभाळते, म्हणून तिला पूर्ण एक न धरता दशांश धरले.

आमच्या भागात जत्रेतला तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची गंमत अधिक कळेल. तिथे भोंगा एकच असायचा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसायची, पलीकडच्यांना नट डावखुरा दिसायचा. तरी रडायच्या जागी दोन्हीकडचे रडायचे.

आवाज कुठून आला, हे आपल्याला कळते तरी कसे? डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान आहेत म्हणून. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी लागतो. डाव्या कानाला तो फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा लागतो, आणि डोके आड आल्यामुळे थोडा मंदही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पुढचा आवाज कोणता आणि मागचा कोणता, हे ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. खर्जाच्या बाबतीत मात्र कान गडबडतो. अगदी खालच्या पट्टीच्या आवाजाची दिशा त्याला नीट लागत नाही. म्हणूनच सबवूफर कुठेही ठेवा म्हणतात, आणि म्हणूनच आईला तो गडगडाट पेटीतला न वाटता आभाळातला वाटला.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन खोली मोजली. दहा बाय बारा. संगणक भिंतीला टेकलेल्या टेबलावर, एका अंगाला. मागची एक पेटी कपाटावर, दुसरी ठेवायला जागाच नव्हती, कारण तिथे दार. ती खुंटीला टांगली. वायर जमिनीवरून गेली, तिच्यात अडखळून धाकटी पडता पडता वाचली. शास्त्र सांगते की पुढच्या दोन पेट्या मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर हव्यात, मागच्या दोन कानांच्या किंचित मागे आणि ऐकणाऱ्याने बरोबर मध्ये बसावे. आता बाजेवर बसणारी माणसे पाच. मध्ये बसणार कोण? अर्थात चिरंजीव! कडेला बसलेल्याला जी पेटी जवळ, तिचाच आवाज आधी पोचतो, आणि कानाचा स्वभाव असा की जो आवाज आधी आला त्याच्याच दिशेला तो सारे श्रेय देतो. म्हणजे एकाला सराउंड आणि चौघांना शेजारची पेटी. संगणकापुढे एकट्याने बसायचे असेल तर गोष्ट वेगळी. पण मग एका माणसासाठी चांगला हेडफोन निम्म्याहून कमी पैशांत दिशेचे बरेचसे काम करतो. खेळ खेळणारी मुले तो वापरतात, ते उगाच नाही.

त्या रात्री सिनेमा बाजूला ठेवून मी जुनी गाणी लावली. 'गीतरामायण' लावले. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचे स्वर. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ही छप्पन्न गीते प्रसारित झाली, तेव्हा ध्वनी एकाच वाहिनीचा होता. आता एकाचे पाच कुठून होणार? यंत्राने तोच आवाज पाचही पेट्यांतून वाढला. जो गायक समोर बसून गायला हवा, तो चारी भिंतींतून गाऊ लागला. आई म्हणाली, "रेडिओवर बरं वाटे." मला ते पटले. यूट्यूबवरची बहुतेक गाणीही दोनच वाहिन्यांची असतात. मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही, ते पेट्या वाढवून येत नाही. आधणात तांदूळ दोन मुठी असतील तर पाच ताटे मांडून भात वाढत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांचीही एक गंमत सांगून टाकतो. कित्येक सेटांच्या खोक्यावर हजारो वॉट पीएमपीओ असे ठळक छापलेले दिसते. या मापाला ठरलेला असा नियमच नाही. क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा तो. बघायचे ते आरएमएस वॉट, म्हणजे पेटी सतत पेलू शकते ती ताकद. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट सुमारे दहापट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला वीस-तीस खरे वॉट पुष्कळ झाले. त्यापुढे ऐकतात ते शेजारी. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे, आणि टिनाच्या छपराला कायदा कळत नाही.

तिसऱ्या रात्री मात्र जे झाले, त्याने सगळा हिशेबच बदलला.

एक जुना मराठी कौटुंबिक सिनेमा लावला होता, आईच्या आवडीचा. दहा मिनिटांत ती उठली. "बोलते कोन अन् कुठून, काईच उमजत नाई. तुमचं पाहनं होऊ द्या, मी पडते." हे वाक्य गेली दोन वर्षे आम्ही ऐकत होतो आणि वयाच्या खाती टाकत होतो. टीव्हीपुढूनही ती अशीच उठून जायची. चिरंजीवांना काय सुचले कोण जाणे, त्याने मागच्या दोन्ही पेट्या बंद केल्या, सबवूफर उतरवला आणि समोरच्या मधल्या पेटीचा आवाज चढवला. पाच वाहिन्यांच्या सिनेमात माणसांचे बोलणे मुख्यत्वे या मधल्या पेटीतून येते. आमचा सिनेमा दोनच वाहिन्यांचा, पण ॲम्प्लिफायरने दोन्हींत सारखा असलेला आवाज, म्हणजे संवाद, मध्ये ओढून दिला. "आजी, इकडे बसून पाय बरं," असे म्हणून त्याने तिला पेटीजवळ बसवले. आई बसली, आणि बसताना तिने मान वळवून उजवा कान पेटीकडे केला.

मी ते पाहिले. किती दिवसांपासून ती अशी मान वळवत असेल? जेवताना ती नेहमी माझ्या डाव्या हाताला का बसते, फोन उजव्याच कानाला का लावते, अंगणातून हाक मारली की भलतीकडेच का बघते, या सगळ्याचा उलगडा त्या एका हालचालीने झाला. ज्याचा एक कान गेला, त्याच्या मेंदूपाशी तुलना करायला दुसरा आवाजच उरत नाही. त्याला दिशा कळत नाही, आणि गलबल्यातून बोलणे निवडून काढणे फार जड जाते. आम्ही तिच्याभोवती पाच पेट्या मांडल्या होत्या, म्हणजे गलबलाच मांडला होता.

पुढच्या आठवड्यात तिला पुसदला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. कानांची तपासणी झाली, आलेख निघाला. डावा कान जवळपास गेलेला. उजव्याचे खालचे स्वर ठीक, वरचे उतरलेले. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, फ, त यांसारखी व्यंजने वरच्या. वरची पट्टी गेली की माणसाला कोणीतरी बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. "ऐकू येते पण उमजत नाही" हे आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. उजव्या कानाला श्रवणयंत्र लावावे, असा सल्ला मिळाला.

घरी आल्यावर चिरंजीवांना मी काहीच म्हणालो नाही. संध्याकाळी तोच म्हणाला, "बाबा, दोनच स्पीकर घेऊ. बाकीचे आजीच्या मशीनले लावा." आम्ही बत्तीसशेची एक चांगली जोडी घेतली. उरलेले पैसे यंत्रात गेले. वर आणखी घालावे लागले, ते घातले.

मग सराउंड साउंड घ्यायचेच नाही का? तसे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे चौकोनी, मोकळी खोली आहे, मागच्या पेट्या ठेवायला खरोखर जागा आहे, घरात पाच वाहिन्यांचे सिनेमे नेमाने पाहिले जातात, त्यांनी जरूर घ्यावे. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केले; अशा संगीताला चांगली यंत्रणा न्याय देते. पण त्याच चित्रपटाचा शेवट आठवून पाहा. ते लहान मूल रडत बाहेर पडते, आणि पडद्यावर आवाजच नाही. ज्या जागी सारे थिएटर गोठले, तिथे एकही पेटी वाजत नव्हती.

घेण्याआधी दोन-चार गोष्टी कराव्यात, एवढेच सांगेन. खोली मोजावी. आपण ऐकतो त्यातले किती खरोखर पाच वाहिन्यांचे आहे ते पाहावे. दोन पेट्या घेतल्या तर त्या कानाच्या उंचीवर, एकमेकींपासून आणि आपल्यापासून सारख्या अंतरावर ठेवाव्यात; कोपऱ्यात कोंबल्या की खर्ज घुमतो. संगणकात ५.१ ची निवड तशीच राहिली आणि पेट्या दोनच असल्या, तर मधली वाहिनी हरवते आणि संवाद पुसट होतात. आमचे पहिल्या दिवशी हेच झाले. निवड 'स्टिरिओ'वर आणताच माणसे पुन्हा बोलू लागली. घरात कोणाचा एकच कान चालत असेल, तर संगणकात आणि फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' अशी सोय असते, ती सुरू करावी. नाहीतर एका कानाने ऐकणाऱ्याला निम्मेच गाणे मिळते. आणि सगळ्यात आधी, घरातली माणसे नीट ऐकतात ना, ते तपासावे.

आता दोन्ही पेट्या टेबलावर आहेत. आई उजवीकडे, पेटीजवळच्या खुर्चीवर बसते आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहते. "मानूस समोर बसून बोलल्यावानी वाटते," म्हणते. मधूनच नटाला रागावतेही.

जूनमध्ये मृग लागला. एका दुपारी पैनगंगेच्या अंगाने आभाळ भरून आले आणि गडगडले. आईने आधी टेबलावरच्या पेट्यांकडे पाहिले. त्या बंद होत्या. मग ती दारात जाऊन उभी राहिली आणि आत वळून विचारती झाली, "हे खरं हाये ना रे?"