दोर ओढण्याआधी

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्गॉय भागात सोन्टहोफेनजवळ श्टार्त्सलाखक्लाम ही घळ आहे. पाण्याने चुनखडीचा कातळ कापून काढलेली ही चिंचोळी वाट कॅन्यनिंग करणाऱ्यांच्या आवडीची. सांदण दरी उतरलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची वाटेल, आणि जपायला हवं ते इथेच. सांदणला पावसाळ्यात उतरायचं नाही, एवढा एक नियम पाळला की पुराचा मोठा धोका टळतो. आल्प्समध्ये ही सोय नाही. कॅन्यनिंगचा हंगाम उन्हाळ्यातला आणि गडगडाटी पावसाचाही तोच. त्यामुळे तिथे नुसता महिना पाहून भागत नाही. रोज, तासातासाचा विचार करावा लागतो. हा विचार घळीच्या तोंडाशी, पहिला दोर ओढण्याआधी संपला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कारण सरळ आहे. धबधब्यावरून सगळे उतरले की दोर खाली ओढून घेतात. पुढच्या टप्प्याला तोच लागतो. त्या क्षणी मागची वाट बंद होते. काही घळींना मधेच बाहेर पडायला जागा असते, काहींना अखेरपर्यंत नसते. म्हणूनच घळीची श्रेणी लिहिताना दोरकामाचा आणि पाण्याचा आकडा वेगळा देतात, आणि सुटकेला किती वाव आहे हे रोमन आकड्याने दाखवतात. नवखे पहिले दोन आकडे पाहतात. मी तिसरा आधी पाहायला सांगेन.

दुसरा शत्रू थंडी. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. वेटसूट त्वचेलगत पाण्याचा पातळ थर धरून ठेवतो, तो थर अंगाच्या उष्णतेने गरम होतो. पण तुषारांत निश्चल उभं राहिलं की ही शिल्लकही संपत जाते. आठ जणांचा गट धरा आणि प्रत्येकाला उतरायला ४ मिनिटं. शेवटचा माणूस एका धबधब्यावर २८ मिनिटं नुसता उभा असतो. असे पाच टप्पे झाले की त्याची बोटं कॅराबिनर नीट उघडत नाहीत. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, खुणा शिट्टीने होतात, आणि गारठलेल्या ओठांना शिट्टीही जड जाते. दोराची लांबी खालच्या पाण्याला जेमतेम टेकेल एवढी, आणि टोकाला गाठ न मारता ठेवतात, म्हणजे वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याला सहज सुटता येतं. हे सगळं हातांवर अवलंबून. मोठा गट सुरक्षित, हे म्हणणं अर्धंच खरं आहे: मदतीला माणसं जास्त मिळतात, पण वाट पाहणंही वाढतं.

हवामानाचे अंदाज आता नेमके झाले आहेत, मग भीती कशाची, असं कुणी विचारेल. जर्मन हवामान खात्याचे इशारे खरोखर उपयोगाचे आहेत, पण अरुंद घळीत फोनला बहुधा रेंज नसते, आणि पाऊस डोक्यावर नव्हे, वरच्या पाणलोटात पडतो. २७ जुलै १९९९ रोजी शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाखमध्ये हेच झालं. वादळी पावसाने ओढ्याला अचानक लोंढा आला आणि २१ जण गेले; त्यांत ३ मार्गदर्शक होते. ‘मार्गदर्शक आहे ना!’ या भरवशाला याहून कठोर उत्तर नाही. पुढे न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल शिक्षा दिल्या, आणि २०१४पासून तिथे अशा व्यावसायिक साहसांसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला. जर्मनीतही ऑगस्ट २०२१मध्ये ग्रायनाऊच्या हॉलेंटालक्लाममध्ये लोंढ्याने पूल वाहून नेला आणि जीवितहानी झाली. ती तर पायी फिरायची वाट.

एवढ्या सावधगिरीने साहसाची मजाच जाते, हा आक्षेप मला पटत नाही. उडी, घसरण, धबधबा यांतलं काहीच कमी होत नाही. फक्त एखादा दिवस रद्द होतो. खरा दबाव वेगळाच असतो: सुट्टी टाकलेली, पैसे भरलेले, दुसऱ्या शहरातून मित्र आलेले. त्यामुळे पैसे भरतानाच विचारावं, की हवा बिघडली तर तारीख बदलून मिळेल का, आणि घळीच्या तोंडाशी एकाने जरी नको म्हटलं तर गट थांबेल का.