स्ट्रायकर ठेवायचा की विकायचा? सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

2022 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूल क्लबपुढे मोठा पेच उभा होता. मोहम्मद सलाह, सादिओ माने आणि रॉबर्टो फिर्मिनो या त्रिकुटाने क्लबला 2019 ची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती आणि 2020 मध्ये तीस वर्षांनंतर इंग्लंडचं लीग विजेतेपदही मिळवून दिलं होतं. आता तिघांचेही करार एकाच वेळी, जून 2023 मध्ये संपत होते. सलाह आणि माने यांचा जन्म 1992 चा, फिर्मिनोचा 1991 चा. तिघांबद्दल क्लबने तीन वेगळे निर्णय घेतले. माने बायर्न म्युनिकला विकला गेला, सलाहचा करार तीन वर्षांचा नवा झाला आणि फिर्मिनो वर्षभर खेळून करार संपल्यावर मोफत गेला.

जवळपास एकाच वयाच्या तीन आघाडीपटूंसाठी तीन उत्तरं का निघाली, हे समजून घेतलं तर या विषयातले बहुतेक गैरसमज दूर होतात. फुटबॉलप्रेमींच्या गप्पांत हे गैरसमज इतके पक्के बसले आहेत की चांगल्या निर्णयाला शिव्या बसतात आणि वाईट निर्णयाचं कौतुक होतं.

गैरसमज 1 : ज्याचे गोल जास्त तो ठेवायचा, ज्याचे कमी तो विकायचा.

वस्तुस्थिती : गोलांचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो फोडून पाहावा लागतो. 2021-22 च्या प्रीमियर लीगमध्ये सलाह आणि टॉटनहॅमचा सोन ह्युंग-मिन या दोघांचेही 23 गोल झाले आणि सर्वाधिक गोलांचा मान दोघांना विभागून मिळाला. सलाहचे त्यातले पाच गोल पेनल्टीवरचे होते, सोनचा एकही नव्हता. म्हणूनच क्लबचे विश्लेषक पेनल्टी वगळून गोल मोजतात, खेळलेल्या मिनिटांशी त्यांचा हिशेब लावतात आणि खेळाडूला किती चांगल्या संधी मिळाल्या हेही तपासतात. कठीण जागेवरून एका वर्षी भराभर गोल झाले, तर पुढच्या वर्षी तसंच होईल याची खात्री नसते. याउलट जो दर सामन्यात चांगल्या जागी पोहोचतो, त्याचे गोल आज ना उद्या होतातच.

गोलांच्या यादीत न दिसणारं कामही असतं, आणि फिर्मिनो हे त्याचं सर्वोत्तम उदाहरण. 2018-19 मध्ये सलाह आणि माने यांनी लीगमध्ये प्रत्येकी 22 गोल केले, फिर्मिनोने 12. त्याचा खेळ नीट पाहिला की यामागचं कारण कळतं. प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूकडे चेंडू असला की फिर्मिनो त्याच्यावर सरळ धावून जात नसे. तो वळण घेत असा धावायचा की दुसऱ्या बचावपटूकडे जाणारा पास त्याच्या अंगानेच अडायचा. चेंडू आपल्या संघाकडे आला की तो गोलपासून दूर, मध्यक्षेत्रात खाली उतरायचा. त्याच्यामागे बचावपटू ओढला गेला की मागे मोकळी जागा तयार व्हायची आणि त्या जागेत दोन्ही बाजूंनी सलाह आणि माने घुसायचे. त्या दोघांच्या गोलांमध्ये फिर्मिनोचा वाटा होता, पण नुसता आकडा पाहणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

गैरसमज 2 : क्लबच्या मनात येईल तेव्हा, हव्या त्या किमतीला खेळाडू विकता येतो.

वस्तुस्थिती : सौद्याला तीन बाजू असतात : विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू. खेळाडूची संमती नसेल तर सौदा होत नाही. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमानच्या खटल्यात निकाल दिला आणि करार संपलेला खेळाडू एक पैसाही न मोजता दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो हे पक्कं झालं. शेवटच्या सहा महिन्यांत तो परदेशी क्लबशी पुढचा करारही करून ठेवू शकतो. त्यामुळे करार जसा संपत येतो, तशी क्लबच्या हातातली सूत्रं खेळाडूच्या हातात जातात.

2004 मध्ये मायकेल ओवेनच्या करारात एकच वर्ष उरलं होतं. 2001 चा बॅलन डी'ऑर विजेता असलेला हा खेळाडू लिव्हरपूलला सुमारे 80 लाख पौंड आणि एक बदली खेळाडू एवढ्यावर रियाल माद्रिदला द्यावा लागला. फ्रेंच आघाडीपटू एमबापेच्या बाबतीत पॅरिस सां-जर्मांने 2021 मध्ये रियालचा प्रचंड प्रस्ताव नाकारला आणि 2024 मध्ये तो त्याच रियालकडे मोफत गेला. मानेला 2022 मध्ये नवं आव्हान हवं होतं आणि करारात वर्षच उरलं होतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात विकणं हीच क्लबला पैसे मिळण्याची शेवटची चांगली संधी होती.

गैरसमज 3 : तिशी उलटली की स्ट्रायकर विकून मोकळं व्हावं.

वस्तुस्थिती : वयाबरोबर पुनर्विक्रीची किंमत घसरते हे खरं आहे, पण खेळ किती टिकेल हे प्रत्येकाच्या शरीरावर, दुखापतींच्या इतिहासावर आणि शैलीवर ठरतं. सलाह क्वचितच दुखापतीमुळे बाहेर बसायचा. तिसाव्या वर्षी त्याचा करार वाढवताना क्लबने पुनर्विक्रीची रक्कम जवळजवळ विसरूनच पगार मोजला. 2024-25 मध्ये, बत्तिशीत, त्याने लीगमध्ये 29 गोल केले, 18 गोलांना साहाय्य केलं आणि लिव्हरपूलने विसावं लीग विजेतेपद जिंकलं. माने मात्र बायर्नमध्ये एकच हंगाम राहून सौदी अरेबियाला गेला.

आपल्या गोव्यातही याचा पुरावा आहे. स्पेनचा फेरान कोरोमिनास 34 व्या वर्षी एफसी गोवाकडे आला आणि इंडियन सुपर लीगच्या तीन हंगामांत त्याने 48 गोल केले. 2020 मध्ये तो गेल्यावर क्लबने 36 वर्षांच्या इगोर अंगुलोला आणलं. त्यानेही 14 गोल करून त्या हंगामाचा गोल्डन बूट मिळवला. आपल्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंचे करार बहुधा छोटे असतात, त्यामुळे पुनर्विक्रीचा प्रश्न फारसा येत नाही. पुढच्या हंगामात हा खेळाडू किती देईल, एवढंच पाहिलं जातं आणि त्या कसोटीवर वय बाद ठरत नाही.

गैरसमज 4 : खरेदीपेक्षा कमी किमतीत विकला म्हणजे क्लब तोट्यात गेला.

वस्तुस्थिती : क्लबच्या हिशेबवहीत खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांवर समान वाटली जाते. समजा, एक स्ट्रायकर 5 कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला. दरवर्षी 1 कोटी खर्ची पडतात. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत 2 कोटी उरते. तेव्हा तो 3 कोटींना विकला, तर बाहेरून 2 कोटींचा तोटा वाटतो, पण ताळेबंदात 1 कोटीचा नफा दिसतो.

माने 2016 मध्ये साउदॅम्प्टनकडून 3 कोटी पौंडांहून थोड्या अधिक रकमेला आला होता. सहा वर्षांत त्याची वहीतली किंमत जवळजवळ संपली होती. बायर्नने सुमारे 3 कोटी 20 लाख युरो आणि अटींनुसार वाढीव रक्कम द्यायचं कबूल केलं. म्हणजे त्याच्या 120 गोलांचं सुख अनुभवून झाल्यावर आलेले बहुतेक सगळे पैसे नफाच होते. क्लबच्याच अकादमीत घडलेल्या खेळाडूची तर वहीत खरेदीची किंमतच नसते. म्हणूनच अडचणीतले क्लब घरच्या मुलांना आधी विकतात. चाहत्यांना त्याचं फार दुःख होतं आणि ते रास्तच आहे.

गैरसमज 5 : थांबलं की किंमत वाढते, म्हणून घाई करू नये.

वस्तुस्थिती : थांबण्यालाही किंमत असते. नॉटिंगहॅम फॉरेस्टने अकादमीत घडलेला आघाडीपटू ब्रेनन जॉन्सन 1 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमला सुमारे 4 कोटी 75 लाख पौंडांना विकला. आधीचे कमी रकमेचे प्रस्ताव नाकारल्यामुळे जास्त पैसे मिळाले, पण हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपलं होतं. लीगने ठरवून दिलेली तोट्याची मर्यादा फॉरेस्टसाठी 6 कोटी 10 लाख पौंडांची होती, ती 3 कोटी 45 लाखांनी ओलांडली गेली. चांगल्या किमतीसाठी थांबलो, हा क्लबचा युक्तिवाद प्रकरणाची सुनावणी करणाऱ्या आयोगाने मानला नाही. मार्च 2024 मध्ये फॉरेस्टचे 4 गुण कापले गेले. पदावनतीच्या छायेतल्या संघासाठी चार गुण म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न असतो.

गैरसमज 6 : मोठा स्ट्रायकर विकला की क्लब कोसळतो, किंवा मिळालेल्या पैशात त्याची जागा लगेच भरता येते.

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ओवेन गेला आणि पुढच्याच मे महिन्यात लिव्हरपूलने इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकली. 31 जानेवारी 2011 रोजी फर्नांडो टोरेस तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी 5 कोटी पौंडांना चेल्सीला गेला. त्याच दिवशी लिव्हरपूलने अँडी कॅरॉलसाठी 3 कोटी 50 लाख मोजले आणि त्याहून बऱ्याच कमी रकमेत आयाक्सकडून लुईस सुआरेझही आला. महागड्या कॅरॉलने लीगमध्ये क्लबसाठी फक्त 6 गोल केले. स्वस्तात आलेल्या सुआरेझने 2013-14 च्या एकाच हंगामात 31 केले. टोरेसला चेल्सीकडून लीगच्या 110 सामन्यांत 20 गोलच करता आले.

2014 मध्ये सुआरेझ बार्सिलोनाला गेला. डॅनियल स्टरिज आहे, जोडीला नवे खेळाडू आणू, असा क्लबचा हिशेब होता. स्टरिज दुखापतींनी बाहेर बसला आणि मारिओ बालोटेलीला लीगमध्ये एकच गोल करता आला. 84 गुणांचा संघ 62 गुणांवर आला, दुसऱ्या स्थानावरून सहाव्यावर घसरला.

यातून धडा घेतलेला दिसतो. 2022 मध्ये माने जाण्याआधीच, जानेवारीत, डाव्या बाजूसाठी लुईस डियाझ आला होता आणि मानेची विक्री जाहीर होण्यापूर्वी डार्विन नुन्येसही. तरीही नुन्येसने तीन हंगामांत लीगमध्ये 25 गोलच केले. तयारी वेळेवर केली तर धोका कमी होतो, संपत मात्र नाही.

गैरसमज 7 : मोफत जाऊ देणं हा शुद्ध मूर्खपणा, आणि तो प्रशिक्षकाचाच.

वस्तुस्थिती : मोठ्या क्लबांत असे निर्णय एकटा प्रशिक्षक घेत नाही. क्रीडा संचालक, विश्लेषक, वैद्यकीय पथक आणि पगाराची घडी सांभाळणारे मालक हे सगळे त्यात असतात. 2017 मध्ये लिव्हरपूलचा प्रशिक्षक युर्गेन क्लॉपच्या मनात जर्मनीचा युलियान ब्रांट होता. खेळाडू निवडणाऱ्या पथकाने सलाहचा आग्रह धरला आणि तो खरा ठरला. पगाराची घडी हा तर कळीचा मुद्दा आहे. एकाला विक्रमी पगार दिला की बाकी सगळ्यांच्या अपेक्षा चढतात. तिघांनाही तशी रक्कम देणं लिव्हरपूलला झेपलं नसतं.

मोफत सोडण्याचाही हिशेब असतो. 31 च्या उंबरठ्यावरच्या आणि एकच वर्षाचा करार उरलेल्या फिर्मिनोचे फार पैसे आले नसते. त्याला ठेवल्यामुळे 2022-23 मध्ये लीगचे 11 गोल मिळाले. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं तर तेवढेच पैसे पुन्हा घालावे लागले असते. अ‍ॅनफिल्डवरच्या निरोपाच्या सामन्यात ॲस्टन व्हिलाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याने बरोबरीचा गोल केला, तेव्हा सारं स्टेडियम त्याच्या नावाचा गजर करत होतं. ज्याने क्लबसाठी आठ वर्षं घाम गाळला, त्याला असा मान मिळणं हीदेखील क्लबची मिळकत आहे, भले ती वहीत लिहिता येत नसेल.

मग निर्णय पारखायचा कसा?

पुढच्या ट्रान्स्फर विंडोत तुमच्या लाडक्या स्ट्रायकरच्या विक्रीची बातमी आली, तर रागावण्याआधी चार गोष्टी तपासा. करारात किती वर्षं उरली आहेत? पुढची दोन-तीन वर्षं तो किती सामने खेळू शकेल? त्याला ठेवायचं तर पगार किती आणि त्याचा बाकी संघावर काय परिणाम होईल? त्याचं मैदानावरचं नेमकं काम कोण करणार आणि तो माणूस आधीच संघात आला आहे का? सरलेल्या हंगामाचे गोल ही या चार उत्तरांची फक्त सुरुवात आहे.

निर्णय कसा घेतला हे त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर पारखा, दोन वर्षांनंतरच्या निकालावर नको. लिव्हरपूलने 2022 मध्ये तिघांना एकाच मापाने मोजलं नाही, हे त्या निर्णयाचं खरं बळ होतं. त्या हंगामात संघ पाचवा आला आणि चॅम्पियन्स लीगची जागा हुकली. तरीही सलाहला ठेवण्याचा निर्णय बरोबर होता, आणि तीन वर्षांनी आलेल्या विजेतेपदात त्याचा सर्वांत मोठा वाटा होता.