सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही? वायर कापू नका

गेल्या हंगामात आपल्या कतारगामच्या एका होडीचं आउटबोर्ड सिंगणपोर कॉजवेच्या खालच्या अंगाला बंद पडलं. ओहोटी लागलेली. सेल्फ फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. होडीवरच्या भावाने किल्लीमागची एक वायर कापली आणि इंजिन सुरू! सगळे खूश. किनाऱ्याला आल्यावर किल्ली बंद केली तर ते थांबेचना. शेवटी पेट्रोलची नळी काढली आणि आतलं तेल संपेपर्यंत बसून राहिले.

आपण हसलो खरे. पण त्या दिवशी मनगटाला बांधायची लाल दोरीसुद्धा निकामी झाली होती. तांडेल पाण्यात पडला असता तर पंखा फिरतच राहिला असता.

असं का होतं? घरातला दिवा करंट तोडला की विझतो. बहुतेक आउटबोर्डांत स्टॉपचं काम याच्या उलट चालतं. किल्ली बंद केली किंवा लाल दोरीची क्लिप निघाली की स्टॉपची वायर अर्थला जोडली जाते आणि प्लगची ठिणगी मरते. किल्ली चालू असताना ती वायर अर्थपासून सुटी हवी. कॉजवेखाली भरतीचं खारं पाणी येतं. ते स्विचमध्ये शिरलं, हिरवा गंज चढला, की किल्ली चालू असूनही वायर अर्थला टेकलेलीच राहते. म्हणून सेल्फ फिरतो, ठिणगी नाही.

तेव्हा पहिल्यांदा क्लिप जागेवर आहे का बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं, आणि आपण उगाच प्लग खोलत बसतो. मग बॅटरी सोडवा, स्विचचं सॉकेट काढा आणि मीटर ओहमवर ठेवून स्विचच्या मागच्या दोन्ही 'एम' खुणांना लावा. किल्ली बंद असताना मीटर शून्याजवळ यायला हवं, चालूवर काहीच नको. चालूवरही आकडा दिसला तर स्विच गेला. जुन्या यामाहात स्टॉपची वायर पांढरी आणि अर्थची काळी असते; दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे, म्हणून रंगापेक्षा खूण बघा. एक लक्षात ठेवा, स्टॉपच्या वायरला बॅटरीचा १२ व्होल्ट चुकूनही लावू नका. सीडीआय जळेल, आणि त्याचा खर्च स्विचच्या कितीतरी पट आहे.

सेल्फच फिरत नसेल तर गोष्ट वेगळी. गिअर न्यूट्रलला आहे का, बॅटरीची टोकं घट्ट आहेत का, फ्यूज शाबूत आहे का, एवढं आधी. मग १२ व्होल्टचा बल्ब घ्या. 'बी' खुणेवर तो कायम पेटायला हवा, किल्ली स्टार्टला धरली की 'एस'वरही. दोन्हीकडे पेटला तर स्विच बरा आहे, दोष पुढे सोलेनॉइडकडे शोधा. हे करताना पेट्रोलचा वास येत असेल तर आधी होडी उघडी करून वारा जाऊ द्या.

दोरी ओढून चालू होणाऱ्या इंजिनाला किल्ली नसते, पण स्टॉपचं बटण आणि लाल दोरी तशीच चालते. ज्यांनी वायर आधीच कापली आहे, त्यांनी ती जोडून घ्यावी, सांध्यावर ग्रीस आणि टेप लावावी. मग काठाला बांधलेल्या होडीत इंजिन चालू करून क्लिप ओढावी. इंजिन लगेच बंद पडायला हवं.